धातूंच्या ऑक्साइडांचे नॅनोकण : हिरड्यांच्या आजारावरील उपचार

जस्त, तांबे, टायटॅनियम, सेरियम, मॅग्नेशियम, लोह या धातूंच्या ऑक्साइडांचे १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण हिरड्यांच्या आजारात जंतुनाशक किंवा दाहशामक म्हणून वापरण्याची पद्धत. आजाराचे शास्त्रीय नाव परिदंतशोथ. बोलीत त्याला पायरिया म्हणतात. या विषयावरचे बहुतेक काम प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर झाले आहे. दवाखान्यातल्या नेहमीच्या उपचारात या कणांना अजून जागा मिळालेली नाही.

हे कण कशासाठी हवेत ते समजायचे तर आधी हिरडीचा खिसा समजून घ्यावा लागतो. निरोगी हिरडी दाताला चिकटलेली दिसते, पण तिच्या काठाशी १ ते ३ मिमी खोल फट असतेच. दातावर जंतूंचा चिकट थर, म्हणजे प्लाक, साचतो आणि लाळेतल्या क्षारांनी त्याचे किटण बनते. हिरडी सुजते, ब्रश लागताच रक्त येते. एवढ्यावर आजार थांबला तर तो पूर्ण बरा होतो. दुर्लक्ष झाले तर फट खोल होत खिसा तयार होतो, दाताला धरून ठेवणारे तंतू तुटतात, हाड झिजते आणि दात हलू लागतो. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही. दंतवैद्य ही खोली बोथट टोकाच्या बारीक सळईने मोजतात. विल्यम्स प्रोब नावाच्या सळईवर १, २, ३, ५, ७, ८, ९, १० अशा खुणा असतात. ४ आणि ६ गाळलेले असतात, म्हणजे वाचताना गफलत होत नाही. सळई हलकेच आत सरकवून बाहेर काढली, की आजारी हिरडीच्या काठावर काही क्षणांत रक्ताचा ठिपका उमटतो.

हा ठिपका दिसला नाही म्हणजे हिरडी ठणठणीत, असे नाही. नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यांत मिश्री लावण्याची सवय जुनी आहे, बायकांमध्ये अधिक. तंबाखूतल्या निकोटीनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त कमी येते. ‘मिश्रीनं गुण आला’ असे वाटत राहते आणि आत हाड झिजत असते. असाच दुसरा घातक समज म्हणजे दात साफ करून घेतले की ते सैल होतात. सैल ते आधीच झालेले असतात. किटणाच्या थराने एकमेकांना बांधून ठेवल्यामुळे ते जाणवलेले नसते, इतकेच. किटण खरवडून काढणे आणि मुळाचा पृष्ठभाग स्वच्छ करणे हाच उपचाराचा पाया आहे. नॅनोकण असोत वा प्रतिजैविके, सगळे त्यानंतरचे.

खरवडूनही खोल खिशात जंतू उरतात. पोर्फायरोमोनास जिंजिव्हॅलिससारखे काही जंतू हिरडीच्या पेशींत शिरून बसतात. थरात राहणारे जंतू सुट्या जंतूंपेक्षा औषधाला कितीतरी पट कमी दाद देतात. गुळणीचे औषध खिशात फारसे उतरत नाही, आणि उतरलेले टिकत नाही: हिरडीतून सतत पाझरणारा द्रव ५ मिमी खोल खिशात तासाभरात चाळीसेक वेळा बदलतो. क्लोरहेक्सिडिन या नेहमीच्या वापरातल्या गुळणीच्या औषधाने दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बदलते, म्हणून ते महिनोन्महिने वापरता येत नाही. थोडक्यात, या जागी टिकून राहील असे औषध लागते.

लहान आकाराचा उपयोग इथे होतो. १ सेंमी बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौ. सेंमी असते. त्याच घनाचे १० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले तर पृष्ठफळ ६०० चौ. मीटर, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे भरते. साखरेच्या मोठ्या खड्याएवढ्या पदार्थाला सहा गुंठे द्राक्षबागेएवढा पृष्ठभाग मिळतो आणि जंतूशी गाठ पडते ती या पृष्ठभागाचीच.

जस्ताचे ऑक्साइड दंतवैद्यकाला नवे नाही. दातांच्या दवाखान्यात शिरताच येणारा लवंगेचा वास बहुधा झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल यांच्या मिश्रणाचा असतो. युजेनॉल हा लवंगेच्या तेलाचा मुख्य घटक. आयुर्वेदातले यशद भस्मही रासायनिकदृष्ट्या मुख्यतः झिंक ऑक्साइडच. नॅनो आकारात हे ऑक्साइड तीन तऱ्हांनी काम करते. लाळेच्या साधारण सामूवर त्याच्या पृष्ठभागावर धन भार असतो, त्यामुळे ते ऋण भाराच्या जंतूवर चिकटून त्याचे आवरण बिघडवते. ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू तयार करते. आणि जस्ताचे आयन सोडून जंतूची विकरे बंद पाडते. तीन बाजूंनी मार बसल्यामुळे जंतूला प्रतिकारक्षमता कमावणे अवघड जाते. अशक्य मात्र नाही, कारण धातू बाहेर फेकणारे पंप अनेक जंतूंकडे असतात.

तांब्याची जंतुनाशक ताकद नाशिककरांना वेगळी सांगायला नको. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण द्राक्षावर डाऊनी या रोगासाठी फवारले जाते आणि त्यात काम करते ते तांबेच. आयन सुटणे म्हणजे काय, हेही नाशिकच्या तांबट आळीतून घेतलेल्या घागरीवर पाहता येते. चुलीवर तापून तांबे काळे पडते, तो काळा थर कॉपर ऑक्साइडचा. चिंच चोळली की तो विरघळतो आणि खालचे लालसर तांबे उजळते. आम्लात ऑक्साइड विरघळून धातूचे आयन मोकळे होतात. दात किडण्याच्या जागी असे आम्ल असते. हिरडीच्या खिशातला द्रव मात्र उदासीन ते किंचित अल्कधर्मी. म्हणून खिशात आयन सावकाश सुटतात, आणि किडीवर चाललेला प्रयोग हिरडीवर तसाच चालेल असे गृहीत धरणे चूक आहे. अनेक लेखांत हा फरक पुसट होतो.

टायटॅनियम डायऑक्साइड प्रकाशात जंतू मारते. पाण्याचे प्रकाशाने विघटन करण्याचा त्याचा गुण १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी दाखवला. त्याला अतिनील किरण लागतात आणि ते खिशाच्या तळाशी पोचवणे ना सोपे ना सुरक्षित. म्हणून नायट्रोजन किंवा चांदी मिसळून ते साध्या प्रकाशात काम करील असे पाहतात.

सेरियम ऑक्साइडची गोष्ट वेगळी, आणि सर्वांत महत्त्वाची. परिदंतशोथात हाड केवळ जंतूंमुळे झिजत नाही. जंतूंशी लढणाऱ्या शरीराच्या पांढऱ्या पेशी जे क्रियाशील रेणू सोडतात तेही ऊती जाळतात. सेरियम +३ आणि +४ या दोन अवस्थांत ये-जा करतो, त्यामुळे त्याचे कण हे रेणू टिपून घेतात आणि दाह शमवतात. बाकीचे कण आग लावून जंतू मारतात, हा आग विझवतो. मधुमेह्यांमध्ये हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांचा दाह साखर आटोक्यात येऊ देत नाही. दाह शमवणारा उपचार त्यांना अधिक उपयोगी पडेल ही आशा वाजवी आहे.

कण नुसते भुकटीसारखे भरत नाहीत. कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसॅनच्या पापुद्र्यात, धाग्यांत, किंवा थंडपणी पातळ असून शरीराच्या तापमानाला घट्ट होणाऱ्या जेलमध्ये ते मिसळतात. हाड वाढायला जागा राखणाऱ्या पडद्यांतही झिंक ऑक्साइड घालून पाहिले आहे.

मात्रा वाढली की झिंक आणि कॉपर ऑक्साइड हिरडीच्या स्वतःच्या पेशीही मारतात. लाळेबरोबर गिळलेले झिंक ऑक्साइड जठराच्या आम्लात विरघळते. टायटॅनियम डायऑक्साइड विरघळत नाही, आणि अन्नातला रंग म्हणून त्याच्या वापरावर युरोपीय संघाने २०२२ मध्ये बंदी घातली. कडुनिंब, तुळस किंवा द्राक्षबियांच्या अर्काने बनवलेल्या कणांना ‘हरित’ म्हणतात. नाशिकच्या वायनरींत उरणारा बियांचा, सालींचा चोथा यासाठी हाताशी आहे. पण हरित हा शब्द बनवण्याच्या रीतीपुरता आहे. पेशीला तो कण झिंक ऑक्साइडच असतो.

नाशिकला या विषयात काम करण्याजोगी जागा आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय म्हसरूळला दिंडोरी रस्त्यावर आहे, राज्यातली अनेक दंत महाविद्यालये त्याला संलग्न आहेत, आणि एमडीएस या दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो. असा प्रबंध पेट्रीच्या बशीतल्या जंतूंवर संपवणे सोपे असते. खरी कसोटी सळईवरच्या खुणांवर लागते. मध्यम ते खोल खिसे नुसते नीट साफ केल्याने सरासरी सुमारे १ ते २ मिमी उथळ होतात. खिशात ठेवायची आजवरची औषधे त्यात साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आतलीच भर घालू शकली आहेत. नव्या कणांना त्याच रुग्णाच्या त्याच दाताशी, तीन आणि सहा महिन्यांनी, याहून जास्त भर घालून दाखवायची आहे.