‘स्विफ्ट’ गस्तनौका : आपल्या प्रतिकृतीचा सेवा-इतिहास

आमच्या संचातून आपण जोडणार आहात त्या नौकेचा मूळ आराखडा युद्धासाठी केलेला नव्हता. मेक्सिकोच्या आखातातील तेलविहिरींवर कामगारांची ने-आण करण्यासाठी लुईझियानातील ‘सेवर्ट सीक्राफ्ट’ ही कंपनी ॲल्युमिनियमच्या वेगवान नौका बांधत असे. त्याच आराखड्यावर शस्त्रे चढवून अमेरिकी नौदलाने व्हिएतनाम युद्धासाठी १९६५ मध्ये ‘पीसीएफ’ (पेट्रोल क्राफ्ट फास्ट, म्हणजे वेगवान गस्तनौका) वर्ग तयार करून घेतला; ‘स्विफ्ट’ हे त्याचेच प्रचलित नाव. सुमारे १५ मीटर लांबी, दोन डिझेल इंजिने आणि सहा जणांचे पथक असे तिचे स्वरूप होते.

त्या वर्षी फेब्रुवारीत व्हुंग रो उपसागरात शस्त्रे उतरवणारे उत्तर व्हिएतनामचे एक जहाज सापडले आणि दक्षिण व्हिएतनामच्या किनाऱ्यावर ‘मार्केट टाइम’ ही नाकेबंदी सुरू झाली. मासेमारी होड्या व पडाव थांबवून झडती घेणे, हे स्विफ्ट नौकांचे रोजचे काम. ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खवळलेल्या समुद्रात मात्र या लहान नौकांचे फार हाल होत. १४ फेब्रुवारी १९६६ रोजी थायलंडच्या आखातात पीसीएफ-४ सुरुंगाने बुडाली.

ऑक्टोबर १९६८ पासून व्हिएतनाममधील अमेरिकी नौदलाचे प्रमुख ॲडमिरल झुमवॉल्ट यांच्या ‘सीलॉर्ड्स’ मोहिमेत याच नौका मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातील नद्या-कालव्यांत शिरल्या. समुद्रासाठी घेतलेली नौका अरुंद पात्रात, दोन्ही काठांवरून होणाऱ्या माऱ्यात उतरवणे हा आमच्या मते या वर्गाच्या इतिहासातील सर्वांत कठीण निर्णय होय, कारण पातळ ॲल्युमिनियम गोळी अडवू शकत नव्हते. म्हणून प्रतिकृतीभोवतीचा देखावा किनाऱ्यावरचा करायचा की नदीतला, हे जोडणीपूर्वीच ठरवावे.

मागील डेकवरच्या भागाविषयी, मशीनगन तोफेच्या वर कशी आणि तोफेची नळी आडवी चिकटवली तर चालेल का, अशी आम्हाला नेहमी विचारणा होते. तेथे ८१ मिलिमीटरची उखळी तोफ आणि तिच्या पाठीवर मशीनगन अशी जोडी एकाच बैठकीवर येते. मशीनगन वर असणे बरोबरच आहे. पायदळाच्या उखळी तोफेत गोळा नळीत सोडताच उडतो, येथे मात्र तो तोंडातून भरून दोरी ओढल्यावर डागला जाई, त्यामुळे नळी आडवी धरूनही नेम साधता येई. नळी आडवी चिकटवण्यास हरकत नाही.

१९७० च्या अखेरपर्यंत व्हिएतनाममधील अमेरिकी स्विफ्ट नौका दक्षिण व्हिएतनामच्या नौदलाकडे सोपवण्यात आल्या. दोन नौका माल्टाला मिळाल्या. त्यांतील एक २०१२ मध्ये सॅन दिएगोच्या सागरी संग्रहालयात पीसीएफ-८१६ म्हणून दाखल झाली. तिची छायाचित्रे सहज मिळतात, परंतु मध्ये माल्टातील चार दशके गेली असल्याने युद्धकाळातील बारकाव्यांसाठी केवळ तिच्यावर विसंबू नये.