जमिनीचा गुण आणि शिराझचे तीन पेले

जालना जिल्ह्यात माझ्या मामांची दोन एकर द्राक्षबाग आहे. त्यातली एक एकर मुरमाड उतारावर आहे आणि एक एकर ओढ्याकाठच्या भारी काळ्या रानात. दोन्हीकडे थॉमसन ही खाण्याच्या द्राक्षाची जात आहे, ज्यावर कलम बांधतात तो मुळांचा खुंट डॉगरिज जातीचाच आहे आणि छाटणीही एकाच आठवड्यात होते. तरीही उतारावरचा मणी आधी गोड होतो आणि त्याची साल करकरीत असते, तर काळ्या रानातला मणी फुगीर असूनही जरा पाणचट लागतो. कारण विचारले की मामा म्हणतात, "जमिनीचा गुण." हे उत्तर खरे आहे, पण हा गुण फळात उतरतो तो कोणत्या वाटेने, हे मला खाण्याच्या द्राक्षापेक्षा रेड वाइनमुळे अधिक नीट समजले.

त्याचे कारण सोपे आहे. ताज्या द्राक्षात साखर इतकी असते की बाकीच्या चवी तिच्याखाली दबून जातात. किण्वनात यीस्ट ती साखर खाऊन टाकते, दर लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का अल्कोहोल तयार होते, आणि मग साल, बी व गर यांनी हंगामभर काय साठवले होते ते उघड्यावर येते. पांढऱ्या वाइनमध्ये साल लवकर बाजूला काढतात. रेड वाइनमध्ये ती रसासोबतच आंबते, म्हणून रंग, तुरटपणा आणि सालीतला वास हे सगळे पेल्यात उतरते.

वेगवेगळ्या प्रदेशांच्या तुलनेसाठी आम्ही शिराझ ही रेड वाइनची द्राक्षजात निवडली. फ्रान्समध्ये हिलाच सिराह म्हणतात. इराणच्या शिराझ शहरातून ही द्राक्षे आली अशी कथा अनेक वर्षे सांगितली जात असे. परंतु १९९०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील कॅरोल मेरेडिथ आणि फ्रान्समधील संशोधकांनी डीएनए तपासून दाखवले की ही जात दुरेझा आणि माँदूझ ब्लांश या दोन फ्रेंच जातींच्या संकरातून जन्मली आहे. द्राक्षाची लागवड बी पेरून होत नाही, काडीपासून होते. जेम्स बस्बी यांनी १८३२ साली युरोपातून ऑस्ट्रेलियात ज्या काड्या नेल्या त्यांत हीही जात होती. म्हणजे फ्रान्सची ऱ्होन नदीची दरी, ऑस्ट्रेलियातील बरोसा आणि आपले नाशिक, या तिन्ही ठिकाणचे वेल वंशाने जवळजवळ एकच झाड आहेत. एकाच झाडाच्या फांद्या तीन हवामानांत लावून पाहाव्यात, असा हा प्रयोग शेतकऱ्यांनी आपल्यासाठी आधीच करून ठेवला आहे.

जानेवारीतल्या एका रात्री छत्रपती संभाजीनगरला आमच्या गच्चीवर या तिन्ही प्रदेशांच्या शिराझची एकेक बाटली घेऊन सहा जण बसलो. रेड वाइन 'खोलीच्या तापमानाला' प्यावी असे म्हणतात, पण हा सल्ला युरोपातल्या थंड दगडी घरांतला आहे. त्याचा अर्थ १६ ते १८ अंश सेल्सिअस असा घ्यायला हवा. मराठवाड्यातल्या एप्रिलच्या खोलीत बाटली उघडली तर अल्कोहोलची वाफच नाकात शिरते आणि बाकी काही कळत नाही. त्या दिवसांत बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी लागते. जानेवारीच्या रात्री गच्चीवर तशी गरज पडली नाही. दोन घोटांच्या मध्ये तोंड साफ करायला पाणी आणि बिनमिठाच्या ज्वारीच्या भाकरीचा तुकडा ठेवला होता, आणि या कामाला भाकरी पावापेक्षा सरस आहे असे माझे मत झाले आहे. ठेचा मात्र चव घेऊन होईपर्यंत स्वयंपाकघरातच राहिला.

रंग दिसू नये म्हणून वाइन स्टीलच्या फुलपात्रांत ओतली आणि दिवा मंद केला. ही खबरदारी अनाठायी नव्हती. बोर्दो येथे झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन बेचव लाल रंग घालून दिली, तेव्हा त्यांनी तिच्या वासाचे वर्णन रेड वाइनला वापरतात त्या शब्दांत केले. डोळ्यांनी आधीच निकाल दिला की नाक तोच निकाल वाचून दाखवते.

पहिला फरक जिभेवर कळला. ऱ्होनच्या वाइनमध्ये आंबटपणा ताठ होता. नाशिक आणि बरोसाच्या वाइनमध्ये तो मऊ होता आणि घशात अल्कोहोलची ऊब जास्त होती. तुरटपणा तिन्हींत होता. जांभळे खाल्ल्यावर जीभ जशी जड आणि खरखरीत होते, तसाच हा अनुभव असतो. टॅनिन, म्हणजे साल आणि बी यांतली तुरट द्रव्ये, लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, लाळेचा निसरडेपणा जातो आणि तोंडाला घर्षण जाणवते. त्यामुळे तुरटपणा ही नेहमीच्या अर्थाने चव नसून बहुतांशी स्पर्श आहे.

पण सर्वांत बोलका फरक वासाचा होता. ऱ्होनच्या पेल्यातून कुटलेल्या काळ्या मिऱ्याचा वास येत होता. या वासामागचे द्रव्य ॲडलेडच्या ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी २००८ साली जाहीर केले. त्याचे नाव रोटुंडोन. काळ्या मिऱ्याच्या वासातही तेच आहे, आणि त्याचे नाव मात्र आपल्या ओळखीच्या एका तणावरून पडले आहे. सायपेरस रोटुंडस म्हणजे लव्हाळा. खुरपून खुरपून शेतकरी थकतात आणि तरी जो पुन्हा उगवतो, त्याच लव्हाळ्याच्या गाठीत, म्हणजे उटण्यातल्या नागरमोथ्यात, हे द्रव्य आधी सापडले होते.

रोटुंडोन किती सूक्ष्म प्रमाणात कळते, ते आपल्याकडच्या मापात सांगता येईल. पाण्यात दर लिटरला ८ नॅनोग्रॅम असले तरी ते नाकाला जाणवू लागते. रेड वाइनमध्ये हीच मर्यादा १६ नॅनोग्रॅम आहे. एक दशलक्ष घनमीटर, म्हणजे आपण धरणांच्या बातम्यांत रोज वाचतो तो एक दलघमी पाणी घेतले, तर त्यात अवघे ८ ग्रॅम रोटुंडोन पुरते. जायकवाडीचा जिवंत साठा सुमारे २,१७१ दलघमी आहे. नाथसागरातल्या त्या सगळ्या पाण्याला मिऱ्याचा वास यावा यासाठी सुमारे १७ किलो रोटुंडोन, म्हणजे धान्याच्या अर्ध्या कट्ट्याहूनही कमी, पुरे होईल.

मात्र त्याच संशोधनात सुमारे २० टक्के लोकांना, पाण्यात ४,००० नॅनोग्रॅम इतके घालूनही, हा वास आला नाही. आमच्या सहा जणांत तसे मामा निघाले. ताज्या कुटलेल्या मिऱ्याचा वास त्यांना येतो, कारण मिऱ्यात इतरही सुगंधी द्रव्ये असतात. पण पेल्यात मिरे आहे हे त्यांना शेवटपर्यंत पटले नाही. ते खोटे बोलत नव्हते आणि आम्हीही नव्हतो. दोघांनी एकाच पेल्यात वेगवेगळी वाइन चाखली होती.

रोटुंडोन मुख्यतः सालीत साठते, आणि थंड, सावलीतल्या घडांत ते जास्त असते. घडाचे तापमान २५ अंशांच्या वर जितके तास राहील तितके ते कमी भरते. इथे मला आपल्या भागाचा खरा वेगळेपणा दिसतो. ऱ्होनमध्ये काढणी सप्टेंबरच्या सुमारास होते आणि बरोसात फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, म्हणजे दोन्हीकडे उन्हाळा उतरणीला लागलेला असताना. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर मण्यात पाणी उतरते, म्हणजे मणी मऊ होऊन पिकू लागतो, तेव्हा थंडी ओसरू लागलेली असते, आणि काढणी चढत्या उन्हात होते. मराठवाड्यात जानेवारीच्या दुपारी २८ ते ३० अंश असतात, तर मार्चमध्ये पारा ३५च्या पुढे जातो. उष्णतेत मणी स्वतःतले मॅलिक आम्ल श्वसनात खर्च करतो, सालीतला रंग कमी भरतो आणि साखर मात्र धावत पुढे जाते. रात्री थंड असल्या तर हे आम्ल काही अंशी टिकते. जगात बहुतेक ठिकाणी वेल गारव्याकडे जाताना पिकतो, आपला वेल उन्हाकडे जाताना पिकतो, आणि अक्षांश किंवा मातीचा रंग सांगून जे कळत नाही ते या एका गोष्टीवरून कळते.

मग जमीन काय करते? ऱ्होनच्या उत्तर भागात ग्रॅनाइट आहे, आपल्याकडे दख्खनचा बेसाल्ट. खडकाचा वास मुळांवाटे मण्यात चढत नाही. मुळे पाण्यात विरघळलेली खनिजे उचलतात आणि त्यांचे प्रमाण जिभेला कळण्याइतके क्वचितच असते. खारवट बोअरचे पाणी वर्षानुवर्षे दिलेल्या बागेत मीठ फळापर्यंत पोहोचू शकते, तेवढा अपवाद. एरवी जमीन पाण्याच्या वाटेने काम करते. मुरमाड रान लवकर निचरते, वेलाला थोडा ताण बसतो, शेंड्याची वाढ थांबते आणि मणी लहान राहतो. लहान मण्यात रसाच्या मानाने साल जास्त असते. भारी काळी जमीन ओल धरून ठेवते, वेल पाला वाढवत राहतो आणि मणी फुगतो. मामांच्या दोन तुकड्यांतला फरक यातच आहे.

शेवटी आम्ही स्वतःचीच परीक्षा घेतली. प्रत्येकाला तीन फुलपात्रे दिली. दोहोंत एकच वाइन होती आणि तिसऱ्यात वेगळी, ती ओळखायची होती. नुसत्या अंदाजाने तिघांतला एक बरोबर ठरतो, त्यामुळे सहा जणांत किमान पाच जण बरोबर आले तरच फरक खरोखर कळला असे म्हणता येते. ऱ्होन आणि बरोसाच्या फेरीत पाच जण बरोबर आले. मामाही त्यांत होते, त्यांनी आंबटपणावरून ओळखले. बरोसा आणि नाशिकच्या फेरीत तिघेच बरोबर आले. दोन उष्ण प्रदेशांतल्या वाइन आम्हाला वेगळ्या ओळखता आल्या असे मी म्हणू शकत नाही, जरी बाटल्यांकडे पाहून बोलताना आम्ही त्यांच्यात खूप फरक सांगितला होता. शिवाय एका प्रदेशाची एकच बाटली चाखून प्रदेश कळत नाही. वाइन कोणत्या लाकडाच्या पिंपात ठेवली आणि तयार करताना आम्ल वरून घातले का, यानेही चव बदलते; ऑस्ट्रेलियात तसे आम्ल घालणे नेहमीचे आहे. प्रदेशांची तुलना करायची तर प्रत्येकाच्या चार-पाच उत्पादकांच्या आणि एकाच वर्षाच्या बाटल्या हव्यात.

सगळे उठल्यावर मामांनी विचारले, छाटणी अगोदर घेतली तर मणी थंडीत पिकणार नाही का? पिकेल, आणि आगाप द्राक्षे घेणारे तसे करतातही. पण मग फुलोरा परतीच्या पावसात सापडतो, आणि गळ, कूज व केवडा हा बुरशीचा रोग यांची धास्ती वाढते. तरीही या हंगामात मुरमाड रानातल्या चार ओळींची छाटणी ते पंधरा दिवस अगोदर घेणार आहेत. मण्यात पाणी उतरल्यापासून दर चौथ्या दिवशी त्या ओळींचे आणि शेजारच्या ओळींचे ब्रिक्स (रसातल्या साखरेचे माप), आम्लता आणि रात्रीचे किमान तापमान एकाच वहीत लिहायचे काम माझ्याकडे आले आहे.