खोली थंड म्हणजे बिअर थंड नव्हे

घरी बिअर बनवताना ‘खोली 22 अंशांवर आहे, म्हणजे बिअरही 22 वरच’ हा जुना समज चुकीचा आहे. साखर फोडताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं. आंबणं जोरात असताना 20 लिटरच्या पिंपातलं तापमान खोलीपेक्षा 3 ते 5 अंशांनी सहज चढतं. म्हणून थर्मामीटर भिंतीवर नको, पिंपाच्या अंगाला चिकटवा आणि वरून फोमचा तुकडा लावा.

खरी कसोटी पहिल्या तीन दिवसांची. तेव्हा साधं एल यीस्ट (एल या बिअर-प्रकारासाठीचं) फार तापलं, तर घशाला जळजळणारे फ्यूझेल अल्कोहोल तयार होतात. नंतर फ्रिजमध्ये ठेवून ते जात नाहीत. वर्ट, म्हणजे आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी, 18 अंशांवर आणूनच यीस्ट घाला. पिंप बिअरच्या पातळीइतक्या पाण्याच्या टबात ठेवा, त्यात पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या टाका आणि सकाळ-संध्याकाळ बदला; पण एकदम फार गार केलंत तर यीस्ट तळाशी बसतं. पिंपाला ओलं फडकं आणि पंखा? कोरड्या हवेत छान, दमट हवेत जवळपास निरुपयोगी.