बदलून मिळणारी टाकी आणि भरून मिळणारी टाकी

माघी पुनवेला सौंदत्तीला निघालेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत डोकावलं तर पिठाच्या डब्याशेजारी एक छोटी गॅसची टाकी हमखास दिसते. चोर्ल्याकडं नाहीतर तिलारीकडं तंबू घेऊन जाणाऱ्या पोरांच्या डिकीतही तीच असते. लांबून सगळ्या सारख्याच वाटतात. पण ‘छोटा सिलेंडर’ या एकाच नावावर बेळगाव, खानापूर, निपाणीच्या बाजारात दोन वस्तू खपतात आणि त्यांचा एकमेकींशी संबंध फक्त आकारापुरता आहे.

पहिली कंपनीची, ५ किलोची. ऑक्टोबर २०१३ मध्ये तेव्हाचे पेट्रोलियम मंत्री वीरप्पा मोईली यांनी बंगळूरला पेट्रोल पंपांवर तिची विक्री सुरू केली. इंडेननं डिसेंबर २०२० मध्ये तिला ‘छोटू’ नाव दिलं, एचपीची ती ‘अप्पू’. पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र दाखवलं की काम होतं, त्यामुळं शिकायला येऊन भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना ती सोयीची पडते. गॅस संपला की रिकामी द्यायची आणि दुसरी भरलेली घ्यायची. तुमची टाकी तुम्हाला परत मिळत नाही, आणि बऱ्याच जणांना हेच खटकतं. नवी कोरी दिली आणि पोचे पडलेली आली! पण ती पोचे पडलेली टाकी प्लँटमधून तपासून, वजनावर भरून, गळती बघून आणि सील लावून आलेली असते. काही खाजगी कंपन्यांच्याही छोट्या टाक्या मिळतात, त्याही बदलूनच घ्यायच्या असतात.

दुसरी भांड्यांच्या किंवा शेगडी दुरुस्तीच्या दुकानात मिळते. बहुतेकदा डोक्यावर बर्नर बसवलेला असतो. ती तुमच्या मालकीची. संपली की तीच उचलून दुकानात न्यायची आणि भरून आणायची. दुकानदार मागच्या बाजूला १४.२ किलोची घरगुती टाकी उलटी ठेवतो, नळी जोडतो आणि पातळ गॅस, म्हणजे टाकीत दाबाखाली द्रव होऊन राहिलेला गॅस, खाली उतरू देतो. उतरायचा थांबला की छोटीचा स्क्रू किंचित सैल करून ‘हवा’ सोडतो. वरचा दाब कमी होतो आणि गॅस परत उतरायला लागतो. ती हवा म्हणजे गॅसच. तो हवेपेक्षा दीड ते दोन पट जड, म्हणून वर उडून जात नाही, फरशीवर पसरतो. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास मिसळला तरी पेट घेतो. शेजारी चहाचा गाडा असला तर पुढचं सांगायला नको.

मला मात्र खरी भीती दुकानातल्या गळतीपेक्षा टाकीत किती गॅस गेला याची वाटते. दुकानातली गळती निदान नाकाला कळते, कारण गॅसला तो उग्र वास मुद्दाम दिलेला असतो. जास्त भरलेली टाकी काहीच सांगत नाही. कंपनीच्या टाकीत साधारण पाचवा हिस्सा मोकळा ठेवतात. पातळ गॅस तापला की भरपूर फुगतो; २० अंशांवरून ५० अंशांवर गेला तर सात ते दहा टक्क्यांनी. मोकळी जागा त्यासाठीच. दुकानात काट्यावर न ठेवता, हलवून अंदाज घेत टाकी जवळजवळ काठोकाठ भरली, भल्या पहाटे गारठ्यात भरली, आणि दुपारी ती ट्रॉलीतल्या पत्र्यावर उन्हात तापली, तर आतला पातळ गॅस फुगून सगळी जागा व्यापतो. पातळ पदार्थ दाबला जात नाही. मग ताण सगळा टाकीच्या पत्र्यावर येतो. ‘अण्णा, जरा जास्तच भरा, यात्रेला जायचंय’ म्हणून आपणच वर आग्रह करतो.

दोन्ही शेजारी ठेवून ओळखायच्या असतील तर रंगावर जाऊ नका, रंग कोणीही मारतो. कंपनीच्या टाकीच्या वरच्या कड्याला धरून उभ्या पट्ट्या असतात, त्यांतल्या एकीच्या आतल्या बाजूला अक्षर आणि आकडा असतो. बी-२८ असेल तर २०२८ च्या एप्रिल ते जून या तिमाहीत तिची पुढची चाचणी. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, सी आणि डी पुढच्या दोन तिमाह्या. तारीख उलटलेली टाकी घेऊ नका. रिकाम्या टाकीचं वजनही तिच्यावरच असतं. समजा ७.६ असेल, तर भरलेली १२.६ किलो भरली पाहिजे. विक्रेत्याला काट्यावर ठेवायला सांगा, त्यात लाजायचं काही नाही. दुकानातल्या टाकीवरही कधी कधी असले आकडे ठोकलेले असतात, पण ती चाचणीला कुठं आणि कधी गेली, हे विचारून बघा.

झडपेतही फरक आहे. कंपनीच्या टाकीचा रेग्युलेटर काढला की झडप आपोआप बंद होते. डोक्यावर बर्नर असलेलीत तुमची भिस्त एका स्क्रूवर आणि रबरी वॉशरवर. वर मोठं पातेलं ठेवलं की ज्योतीची धग खाली टाकीवर परतते, आणि माळावरच्या वाऱ्यात तर ज्योत स्थिरच राहत नाही. संपत आली म्हणून आडवी करून पेटवणारेही बघितलेत. आडव्या टाकीतून बर्नरकडं वाफेऐवजी पातळ गॅस येतो आणि हातभर भडका उठतो.

मग लोक तिच्याकडं का जातात? पैसे. ५ किलोची टाकी बिगरघरगुती दरानं मिळते, जीएसटीही १८ टक्के, घरगुतीवर ५. दुकानात मात्र घरगुती गॅसच किलोवर विकला जातो, शिवाय एक किलोही मिळतो. गॅस सिलेंडर नियम, २०१६ प्रमाणे विनापरवाना टाकी भरता येत नाही, आणि घरगुती गॅस असा वळवणं हाही गुन्हा. तरीही दुकानं चालतात, कारण दोन दिवसांच्या सहलीला पाच किलो कशाला, हा प्रश्न रास्त आहे.

दोघातिघांसाठी त्याचं उत्तर म्हणजे ब्युटेन नावाच्या गॅसचा डबा, सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपासचा. वापरायचा आणि टाकायचा. यूट्यूबवर अमेरिकेतले लोक एक पौंडाचे हिरवे प्रोपेनचे डबे मोठ्या टाकीतून भरताना दिसतात. ते डबेही तिथं एकदाच वापरायचे म्हणून विकलेले असतात, आणि घरी भरलेला डबा रस्त्यानं नेणं तिथल्या कायद्यात बसत नाही. ते बघून इथं कोणी ॲडॅप्टर मागवून ब्युटेनच्या डब्यात घरचा गॅस भरत असेल, तर ते त्याहून वाईट. आपल्या एलपीजीत, म्हणजे घरच्या गॅसमध्ये, ब्युटेनबरोबर प्रोपेनही असतो. ४० अंशांना निव्वळ ब्युटेनचा दाब चार बारच्या आत राहतो, प्रोपेनचा त्याच्या तिपटीहून जास्त. डब्याचा पातळ पत्रा फक्त ब्युटेनच्या हिशोबानं केलेला असतो.

लोंढ्याला किंवा कॅसलरॉकला रेल्वेनं जाणार असाल तर यातलं काहीच नेता येत नाही, छोटा डबासुद्धा नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यापेक्षा दशम्या आणि शेंगाचटणी बांधून घ्या.