घडवून घेतलेले फर्निचर

एका ठरावीक माणसासाठी, घरासाठी किंवा कामासाठी, मापे घेऊन आणि मालकाशी बोलून सुताराने केलेले सामान म्हणजे घडवून घेतलेले फर्निचर. इंग्रजीतला ‘बिस्पोक’ हा शब्द ‘आधी सांगून ठेवणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आला आणि शिंप्यांच्या धंद्यात रुळला. मराठीत याला सरळ ‘सांगून करून घेणे’ म्हणतात. कोल्हापुरात ही रीत फर्निचरपुरती नाही. साज सोनाराला सांगून होतो, चप्पल पायाचे माप देऊन होते, आणि शेजारच्या मिरजेत तंबोरा करण्याआधी तो पुरुष गायकासाठी की स्त्री गायिकेसाठी, हे विचारले जाते.

याच्या उलट टोकाला तयार माल. त्याची जातकुळी जुनी आहे. मिखाएल टोनेट या ऑस्ट्रियातल्या फर्निचर-उत्पादकाच्या कारखान्याने १८५९ मध्ये आणलेल्या १४ क्रमांकाच्या खुर्चीचे सुटे भाग एक घनमीटर पेटीत ३६ खुर्च्यांचे मावत. ही खुर्ची कोणाही बसणाऱ्यासाठी होती. सांगून केलेल्या खुर्चीला मात्र बसणारा आधीपासून ठाऊक असतो.

बसणाऱ्याची ही ओळख मापात उतरते. बैठकीची उंची गुडघ्यामागच्या खळग्यापर्यंत मोजायची. त्याहून उंच झाली तर पाय लोंबकळतात, फार खाली गेली तर म्हाताऱ्या माणसाला उठताना हात टेकावे लागतात. मांडी घालून बसायची सवय असेल तर खुर्ची रुंद हवी. देव्हाऱ्याची उंची तर पूजा उभ्याने होते की पाटावर बसून, यावरच ठरते. चांगला सुतार ही चौकशी टेप काढण्याआधी करतो. माझ्या मते या कामातला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. सुताराच्या बोलण्यात माप इंच आणि सुतात असते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. खण अडकतो की अलगद सरकतो, हे एखाद्या सुतावर ठरते.

कोल्हापुरातल्या शिवाजी पेठ, मंगळवार पेठेसारख्या जुन्या वस्तीतल्या घरांत आणखी एक अडचण असते: अरुंद दार आणि उभा जिना. दुकानातले कपाट वर चढतच नाही. म्हणून ‘घरी सुतार बसवणे’ ही पद्धत. वखारीतून घनफुटाच्या भावाने लाकूड आणायचे आणि काम अंगणात किंवा माडीवर चालवायचे. मजुरी रोजाने देतात किंवा उक्ती, म्हणजे पूर्ण कामाची एकरकमी, ठरवतात. उक्त्या कामात लाकडाची जात, फळीची जाडी आणि पॉलिशचा प्रकार कागदावर लिहून घेतलेला बरा.

लाकडात पहिला मान सागाला; दांडेलीच्या सागाचे नाव इकडे आदराने घेतात. सागात नैसर्गिक तेल असल्याने वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. शिसव जड आणि गडद, कोरीव कामाला शोभणारे. कोणतेही लाकूड पुरते वाळलेले हवे. पावसाळ्याच्या दमट हवेत फळी रुंदीत फुगते, लांबीत जवळपास नाही. उन्हाळ्यात ती पुन्हा आकसते. म्हणून जाणता कारागीर चौकटीतली फळी डिंकाने चिकटवत नाही. चौकटीच्या खाचेत तिला हलायला जागा ठेवतो आणि चौकटीचे कोपरे मात्र कूस (एका लाकडाचे कोरलेले टोक दुसऱ्याच्या खाचेत) बसवून घट्ट करतो. ही मोकळीक नसेल तर फळी तडकते किंवा चौकट उघडते.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले, तेव्हा सामग्रीतला फरक महत्त्वाचा ठरला. भुसा दाबून केलेले बोर्ड पाणी पिऊन फुगतात आणि पूर्ववत होत नाहीत. साधा प्लायवूडही बराच वेळ बुडाला तर पापुद्रे सोडतो. भरीव सागवानी सामान सावलीत सावकाश वाळवले, सांधे पुन्हा आवळले आणि पॉलिश केले तर बहुधा वापरात येते. उन्हात टाकले तर सागालाही पीळ पडतो.

तरीही आज सांगून केल्या जाणाऱ्या कामात प्लायवूड आणि सनमायकाच जास्त. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. भिंत गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसताना तिरक्या कोपऱ्यात बेमालूम बसवलेले प्लायवूडचे कपाटही सांगून केलेलेच आहे. ठरावीक मापाची खोकी ओळीने लावून उरलेली फट पट्टीने बुजवणे, ही मात्र निराळी गोष्ट.

संस्थानी काळातले सामान नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात पाहता येते. हा राजवाडा १८७७ ते १८८४ या काळात बांधला गेला. लाकूडकामाची वेगळी बाजू म्हणजे अंबाबाईच्या देवळातील गरुड मंडपाच्या कमानी.

वेळ आणि पैसा दोन्ही जास्त लागतात, हे खरे. पण असे सामान उघडून दुरुस्त करता येते: वेताची बैठक फाटली तर नव्याने विणतात, खिळखिळा पाय काढून नवा घालतात, आणि वाटणीत आजोबांचा पलंग ज्याच्याकडे येतो तो त्याचा दिवाण करून घेतो.