एमआयडीसीत नवा कारखाना बांधताना: नकाशा मंजुरी ते पूर्णत्वाचा दाखला

भूखंड हातात आला की बहुतेक नवे उद्योजक आधी शेडच्या ठेकेदाराला गाठतात, चौरस फुटाचा दर ठरवतात आणि परवानग्यांचे काम आर्किटेक्टवर सोपवून मोकळे होतात. पुढची रखडपट्टी इथूनच सुरू होते. अग्निशमन, प्रदूषण नियंत्रण मंडळ, कारखाना निरीक्षक या प्रत्येकाच्या अटी शेवटी इमारतीच्या मापांवर येऊन पडतात. गाडी फिरायला बाजूने किती जागा, पाण्याची टाकी कुठे, दारे किती, चिमणीची उंची किती, हे सगळे नकाशा कागदावर असतानाच बसवता येते. शेड उभी राहिल्यावर तेच बसवायचे म्हणजे तोडफोड.

अर्ज कोणाला करता येतो

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आपल्या क्षेत्रात विशेष नियोजन प्राधिकरण असते. त्यामुळे तिथल्या बांधकामाची परवानगी ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे मागायची नसते. अर्जदाराकडे वाटपपत्र हवे, अधिमूल्य (भूखंडाची एकरकमी किंमत) पूर्ण भरलेले हवे, करारनामा झालेला हवा आणि भूखंडाचा ताबा मिळालेला हवा. भाडेपट्टा ९५ वर्षांचा असतो, पण इमारत पूर्ण होईपर्यंत तुमच्या हाती फक्त करारनामा असतो. अंतिम भाडेपट्टा नंतर होतो.

नावाकडे नीट लक्ष द्या. वाटप मालकाच्या नावावर, मध्यंतरी स्थापन झालेली प्रायव्हेट लिमिटेड कंपनी वेगळी आणि नकाशा त्या कंपनीच्या नावाने, अशा फायली परत येतात. जमिनीचे व्यवहार प्रादेशिक अधिकारी पाहतात, बांधकामाचे कार्यकारी अभियंता किंवा उप अभियंता. आधी प्रादेशिक कार्यालयातून नावातला बदल मंजूर करून घ्या, मगच नकाशाकडे वळा.

नकाशा काढण्याआधी

टिकाऊपणा इथेच ठरतो, म्हणून या टप्प्यावर घाई नको. पहिले काम माती परीक्षण. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घेतला तर फरशीला आणि भिंतींना तडे जातात. अहवालात धारणक्षमता आणि कठीण मुरूम किंवा खडक किती खोलीवर लागतो ते लिहिलेले असते, आणि पायाचा प्रकार त्यावरच ठरतो. शेजारच्या भूखंडाचा अहवाल वापरून पैसे वाचवू नका.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. तयार पोलादी शेडच्या कोटेशनमध्ये वाऱ्याचा मूळ वेग किती धरला आहे ते विचारा. आयएस ८७५ भाग ३ (इमारतीवरच्या वाऱ्याच्या भाराचे भारतीय मानक) नुसार हा वेग पुणे आणि नाशिकसाठी सेकंदाला ३९ मीटर, तर मुंबई आणि नागपूरसाठी ४४ मीटर आहे. फरक दिसायला छोटा, पण दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. त्यामुळे भार सुमारे २७ टक्क्यांनी जास्त येतो. नाशिकच्या शेडचे रेखाटन जसेच्या तसे नागपूरला उभे करायचे नाही, ते यासाठी.

किनाऱ्याजवळच्या क्षेत्रात खारी हवा लोखंड खाते. आयएस ४५६ हे काँक्रीटचे भारतीय मानक किनारी वातावरणाला 'तीव्र' गटात धरते. तिथे सळईच्या काँक्रीटसाठी किमान एम ३० दर्जा (आकडा जितका मोठा तितके काँक्रीट मजबूत) आणि सळईवर ४५ मिलिमीटर आच्छादन लागते. मध्यम वातावरणात हेच एम २५ आणि ३० मिलिमीटर आहे. हे आकडे नकाशावरच्या टिपांमध्ये लिहून घ्या, म्हणजे साइटवर वाद राहत नाही.

छतावर आज ना उद्या सौर पॅनेल बसवायचे असतील तर त्यांचा भार आत्ताच गणितात धरावा. नंतर रांगेतल्या प्रत्येक फ्रेमला मजबुती देणे फार महाग पडते. छतात मधूनमधून पारदर्शक पत्रा आणि वर व्हेंटिलेटर दिले तर दिवसा दिवे आणि पंखे कमी लागतात. आणि पन्हळीचे माप कोकणाच्या पावसाला पुरेल असे घ्या. शेडमध्ये पाणी शिरते ते बहुतेक वेळा भरून वाहणाऱ्या आतल्या पन्हळीतून.

अर्ज आणि कागदपत्रे

अर्ज महामंडळाच्या एक खिडकी प्रणालीवर ऑनलाइन भरायचा असतो आणि नकाशे नोंदणीकृत आर्किटेक्टमार्फत दाखल होतात. सोबत वाटपपत्र, करारनामा, ताबा पावती व भूखंडाचा मोजणी नकाशा, कंपनी असल्यास संचालक मंडळाचा ठराव व नोंदणी प्रमाणपत्र, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा मजबुतीचा दाखला, माती परीक्षण अहवाल आणि चटई क्षेत्राचा (सर्व मजल्यांच्या एकूण बांधकाम क्षेत्राचा) तक्ता ठेवावा. नकाशात सामासिक अंतरे (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा), वाहनतळ, झाडे, पर्जन्यजल साठवण आणि सांडपाण्याची वाट स्पष्ट दिसली पाहिजे. बांधकाम खर्चाच्या एक टक्का कामगार कल्याण उपकर भरावा लागतो. तो अंदाजपत्रकात आधीच धरा.

त्याच नकाशावर बाकीची खाती

अग्निसुरक्षेचा तात्पुरता ना हरकत दाखला महामंडळाच्याच अग्निशमन विभागाकडून मिळतो. त्यासाठी महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू आहे. इमारत झाल्यावर परवानाधारक संस्थेचा 'नमुना अ' दाखला (अग्निसुरक्षा यंत्रणा बसवल्याचा) आणि अंतिम ना हरकत दाखला लागतो. त्यापुढे दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये 'नमुना ब' (ती यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) द्यावा लागतो.

प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना संमती बांधकाम सुरू होण्याआधी घ्यायची. प्रदूषणाच्या प्रमाणानुसार तुमचा उद्योग लाल, नारिंगी की हिरव्या गटात येतो ते आधी पाहा. पांढऱ्या गटाला संमती लागत नाही, मंडळाला फक्त कळवावे लागते. अर्जात कच्चा माल, उत्पादन, पाण्याचा वापर आणि सनदी लेखापालाने दाखला दिलेली भांडवली गुंतवणूक द्यायची असते, कारण शुल्क गुंतवणुकीवर ठरते.

एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक असेल तर पर्यावरण मंजुरीचा विषय सर्वांत आधी घ्या. औद्योगिक शेडला दिलेली सूट सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये रद्द केली. जुन्या सल्ल्यावर विसंबून काम सुरू करू नका.

वीज वापरून २० किंवा अधिक कामगार राबणार असतील तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडून कारखान्याचा नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो. विजेशिवाय काम असेल तर ही मर्यादा ४० आहे. कारखाने अधिनियमापासून चालत आलेला हिशेब असा: प्रत्येक कामगारामागे १४.२ घनमीटर जागा, आणि ४.२ मीटरच्या वरची उंची मोजायची नाही. म्हणजे शेड कितीही उंच असली तरी माणसामागे जमिनीवर सुमारे ३.४ चौरस मीटर लागतातच.

या सर्व खात्यांना एकच नकाशा द्या. प्रदूषण मंडळाकडे बॉयलर पूर्वेला आणि अग्निशमन विभागाकडे पश्चिमेला दाखवला तर तपासणीत ते उघडे पडते आणि महिने वाया जातात.

जोत्यापासून दाखल्यापर्यंत

जोते (पायावरचा जमिनीच्या वरपर्यंतचा चौथरा) झाले की तपासणी करून जोता पूर्णत्वाचा दाखला घ्या, मगच वरचे काम. चूक असेल तर ती या टप्प्यावर स्वस्तात सुधारते. मंजूर नकाशात बदल करायचा असेल तर आधी सुधारित नकाशा मंजूर करून घ्या. शेवटी आर्किटेक्ट व इंजिनिअरचे दाखले, अंतिम अग्निशमन दाखला आणि सांडपाणी जोडणी यांसह इमारत पूर्णत्वाच्या दाखल्यासाठी अर्ज करायचा. यंत्रे सुरू करण्याआधी प्रदूषण मंडळाची चालवण्याची संमती वेगळी घ्यावी लागते.

पूर्णत्वाचा दाखला कपाटात ठेवायचा कागद समजू नका. अंतिम भाडेपट्टा त्याच्याशिवाय होत नाही आणि पुढच्या हस्तांतरालाही तो विचारला जातो. वाटपपत्रातली विकास मुदत (बांधकाम पूर्ण करायची मुदत) त्याच्यावरच मोजली जाते. काम लांबणार असे दिसू लागले की मुदत संपण्याआधीच प्रादेशिक कार्यालयात मुदतवाढीचा अर्ज द्या, आणि सोबत आतापर्यंत झालेल्या कामाचे फोटो व आर्किटेक्टचा प्रगती दाखला जोडा.