कोब्यावरील तेल-ग्रीसचे जुने डाग

गॅरेज, वर्कशॉप किंवा इमारतीच्या पार्किंगमधील काँक्रीटच्या कोब्यात मुरलेले इंजिन ऑइल, गिअर ऑइल व ग्रीस बाहेर काढण्याची ही प्रक्रिया आहे. काँक्रीट मळताना घातलेले जादा पाणी उडून गेले की मागे केसासारख्या बारीक वाटा राहतात आणि ठिबकणारे तेल त्यांतून खाली उतरते. ओला कोबा ज्या कारणाने काळपट दिसतो त्याच कारणाने हा डागही काळा दिसतो : छिद्रे भरल्यामुळे प्रकाश कमी विखुरतो. पाणी वाळते, तेल वाळत नाही. वरचा थर हवेने चिकट होऊन धूळ धरतो, खालचे तेल मात्र पातळच राहते. त्यामुळे घासून स्वच्छ केलेली जागा चार दिवसांनी पुन्हा काळवंडते. नवीन डाग पडलेला नसतो, जुनेच तेल वर आलेले असते.

तेल कोणते, हे आधी पाहावे. हॉटेलच्या मुदपाकखान्यातील खाद्यतेलाचा अल्कलीशी संयोग होऊन साबण बनतो, म्हणून तेथे धुण्याचा सोडा किंवा कॉस्टिक लागू पडतो. इंजिन ऑइल खनिज असते, त्याचा साबण होत नाही. त्याला डिटर्जंटने पाण्यात फोडावे लागते किंवा द्रावकात विरघळवावे लागते. नुसता सोडा टाकून तासभर घासणाऱ्याचे हात तेवढे भाजतात. ग्रीस म्हणजे साबणाच्या जाळीत धरून ठेवलेले तेलच. गोळा वर राहतो, पण त्यातील तेल हळूहळू पाझरून कोब्यात उतरते. म्हणून ग्रीस आधी पुट्टीच्या पात्याने खरवडून काढतात. त्यावर गरम पाणी ओतले तर ते पसरते.

पहिली धुलाई अशी : डागाभोवतालचा कोबा साध्या पाण्याने भिजवून घ्यावा, म्हणजे सुटलेले तेल कोरड्या भागात शिरत नाही. १ लिटर कढत पाण्यात साधारण १०० ग्रॅम धुण्याचा सोडा व दोन मोठे चमचे भांड्यांचे लिक्विड घालून ते डागावर ओतावे आणि १५ ते २० मिनिटे वाळू न देता ठेवावे. मग ताठ नायलॉनच्या ब्रशने घासावे. तारेचा ब्रश नको, कारण त्याचे तुटलेले तुकडे कोब्यात अडकून गंजतात व तांबडे ठिपके उठतात. खरे काम यानंतरचे आहे. काळा फेस लगेच पोतेऱ्याने किंवा पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूमने उचलावा. तो तसाच वाळला तर तेल होते तिथेच परत बसते.

उरलेल्या डागासाठी लेप लावतात. मुलतानी माती किंवा खडूची बारीक पूड खनिज टर्पेंटाइनमध्ये कालवून घट्ट श्रीखंडासारखी करावी. डागाच्या कडेपलीकडे दोन-तीन बोटे जाईल असा सुमारे १ सेंटिमीटर जाडीचा थर द्यावा, प्लॅस्टिक कागदाने झाकून कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. २४ तासांत द्रावक आत उतरून तेल पातळ करतो. कागद काढला की लेप वाळू लागतो आणि वाळता वाळता पातळ झालेले तेल वर ओढतो. पिवळट-करडा झालेला लेप पूर्ण सुकल्यावरच खरवडावा. जुन्या डागाला असे तीन-चार लेपही लागतात. रांगोळीची पूड जाडसर असते, तिची ओढ कमी. कोबा पूर्ण कोरडा हवा, पाण्याने भरलेल्या छिद्रांत टर्पेंटाइन शिरत नाही. म्हणून कोकणात हे काम पावसाळ्यात काढू नये. दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, जवळ बिडी-सिगारेट किंवा वेल्डिंग नको. टर्पेंटाइनऐवजी पेट्रोल तर कधीच वापरू नये : ते भडकते, शिवाय तेल पातळ करून आणखी खोल नेते.

सर्वांत रुळलेली चूक म्हणजे संडास धुण्याचे ॲसिड. ॲसिड सिमेंट खाते, तेल खात नाही. तेलकट भागाला ते भिजवतही नाही, त्यामुळे भोवतालचा कोबा खरखरीत, वाळू उघडी आणि मधोमध डाग जसाच्या तसा, असे दृश्य उरते. ॲसिड व ब्लीचिंग एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. फार जोराच्या प्रेशर वॉशरनेही वरची सिमेंटची साय उडते. तेल खाणाऱ्या जिवाणूंची पावडर खरोखर काम करते, पण जागा आठवडेच्या आठवडे ओलसर ठेवावी लागते.

कोबा सुकल्यावर त्यावर पाण्याचे थेंब टाकून परीक्षा करतात. थेंब मिनिटभरात जिरून जागा गडद झाली तर तेल गेले, मोत्यासारखा उभा राहिला तर शिल्लक आहे. इपॉक्सी रंग लावायचा असेल तर ही परीक्षा टाळू नये, कारण तेलकट जागेवरचा रंग टायरबरोबर निघून येतो. तेल फार खोल असल्यास १-२ मिलिमीटर ग्राइंडिंग करतात, नाहीतर तेवढा भाग छिन्नीने फोडून नवे काँक्रीट भरतात. साफ झालेला ठिपका आजूबाजूपेक्षा उजळ दिसतो. तो उठून दिसू नये म्हणून अखेर सगळाच कोबा धुवावा लागतो.

वापरलेले इंजिन ऑइल २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. त्यामुळे तेल प्यालेला भुसा, लेप व काळा फेस गटारात न सोडता झाकणाच्या डब्यात वेगळा ठेवतात.